पाठीमागचा आवाज

३ तारीख, सोमवार

पत्र्याखालच्या माझ्या माणसांनो, दरवर्षी आपल्याला नावं कळतात, कारणं कधीच कळत नाहीत. हंगाम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी फाटकावर पंचवीस नावांचा कागद लागतो. मैदानाकडेच्या गळक्या पत्र्याखाली उन्हापावसात घसा फोडून आपण ज्यांना मोठं केलं, त्यांतलाच एखादा त्यात नसतो. त्याला कोणत्या शहाण्याने, कोणत्या गादीवर लोळत खोडला हे विचारायला जावं, तर पहारेकरी सांगतो, "साहेब जेवायला गेलेत." तीन हंगाम झाले, साहेब जेवतच आहेत!

एरवी हे मी मैदानाच्या पायऱ्यांवर उभी राहून गरजले असते. आज वहीत लिहिते आहे, कारण माझं तोंड बांधलंय. आपण फाटकासमोर धरणं धरून बसलो त्याला यश आलं. फुटबॉलचा संघ निवडतात त्या खोलीत पाठिराख्यांचा एक प्रतिनिधी बसेल हे क्लबने कबूल केलं आणि तुम्ही मला पाठवलंत. अट अशी की खोलीत बोलायचं नाही आणि संघ जाहीर होईपर्यंत बाहेर काही सांगायचं नाही. आयुष्यभर वर्गात इतिहास शिकवून आणि सभा गाजवून जगलेल्या बाईला ही अट घालणारा माणूस एकतर मूर्ख असला पाहिजे, नाहीतर फार हुशार.

घरी सांगितलं, तर हे दुकानातून आणलेल्या चष्म्याच्या काचा पुसत म्हणाले, "दोन आठवडे तू गप्प? आधी सांगायचं नाही का, बहिणीला राहायला बोलावलं असतं."

नणंद समोरच बसली होती. "मी ऐकूनच आलेय," ती म्हणाली. "असा योग पुन्हा कधी येणार, वहिनी?"

हसा लेको. मी एकाच कामासाठी चालले आहे. मामा संघात राहिला पाहिजे. बचावफळीच्या मधोमध डाव्या हाताला उभा राहणारा आपला मामा, ज्याला समोरून धावत येणारे भलेभले "आलो मामा" म्हणत येतात आणि चेंडू ठेवून जातात. या वर्षी त्याच्यावर सुरी आहे अशी कुजबुज आहे. ती सुरी कोणाच्या हातात आहे ते मी डोळ्यांनी बघणार.

४ तारीख, मंगळवार

गाद्या नाहीत.

कपडे बदलायच्या खोलीच्या वर एक लांबट खोली आहे. खालून मलमाचा वास येतो. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, त्यातल्या एकीचा हात तुटलेला. चहा ज्याचा त्याने करून घ्यायचा. एका भिंतीला मैदानावर उघडणारी मोठी खिडकी, समोरच्या भिंतीवर लोखंडी फळा, आणि फळ्यावर चुंबकाच्या एकतीस चकत्या. प्रत्येक चकतीवर एक नाव. त्यातल्या सहा खाली येणार.

माणसं पाच. मुख्य प्रशिक्षक, ज्याला सगळे मास्तर म्हणतात. त्याचा सहायक. गोलकीपरांना तयार करणारा एक आडदांड. खेळाडूंची शरीरं सांभाळणारी डॉक्टरीण. आणि आकडेवाला, जो कोण किती धावला ते दशांश चिन्हासकट सांगतो.

सहायकाने पहिल्याच फटक्यात कडेने खेळणाऱ्या एका विंगरच्या चकतीकडे बोट केलं. "हा नको."

मास्तर म्हणाला, "ठीक. वकिली कर."

मला वाटलं, नको का ते तो सांगेल. छे! या खोलीची रीत उलटी आहे. ज्याला कुणाला काढायचं आहे, त्याने आधी त्याच खेळाडूची बाजू मांडायची. मनापासून, उभं राहून, इतरांचं समाधान होईपर्यंत. त्यानंतरच त्याला काढण्याबद्दल बोलायचा हक्क. सहायकाने सुरुवातीला नुसते शब्द फिरवले, तेव्हा मास्तर म्हणाला, "हे काय, लग्नात बोलवलेल्या पाहुण्यासारखं बोलतोस. त्याच्या आईने ऐकलं तर तिला पटेल असं बोल." सहायक पाणी प्यायला आणि त्याने पुन्हा सुरुवात केली. दहा मिनिटांनी तो स्वतःच चकतीकडे बघत राहिला. ती चकती आज फळ्यावरच आहे.

मी दरबारांचे, परिषदांचे, न्यायसभांचे वृत्तान्त आयुष्यभर वाचले आणि शिकवले. माणसाचं असं वजन करताना कुणाला पाहिलं नव्हतं. 

६ तारीख, गुरुवार

तीन चकत्या खाली आल्या. वाटलं होतं तसं काही यात नाही. चांगले पंचवीस निवडायचे आणि वाईट सहा घालवायचे असं नसतंच ते. जो उतरला त्यापेक्षा कमी कसबाचा एक वर राहिला, कारण तो उजवीकडेही खेळतो आणि डावीकडेही. तिसरा गोलकीपर राहिला, जो वर्षभरात एकदाही मैदानात उतरणार नाही. "न खेळता वर्षभर आनंदात राहणं हीसुद्धा कला आहे, बाई," आडदांड मला म्हणाला. "आमच्यात ती त्या एकट्यालाच येते."

आणि कळवण्याची पद्धत! मास्तर कुणाला खोलीत बोलवत नाही. सरावानंतर नुसतं म्हणतो, "चल, फेरी मारू." दोघं मैदानाला एक चक्कर मारतात. चक्कर संपते तेव्हा तो खेळाडू संघात नसतो. आज तीन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या वेळी मास्तर पाय ओढत होता.

आता मामाच्या जागेचं. तिच्यावर टपलेला गडी कोण तो कळला. सव्वीस वर्षांचा, उंच, फरशीच्या कारखान्याच्या संघातून या वर्षीच आलेला. बरोबरचे त्याला मौनी म्हणतात, कारण मैदानात तो तोंडच उघडत नाही. कारखान्यात मशिनच्या घरघरीत बोलून उपयोग नसायचा, म्हणून सगळे हातवारे करायचे. तीच सवय. मागून हात हलवून पुढच्याला खुणा करतो! अरे, पुढच्याच्या पाठीला काय डोळे आहेत?

मास्तर म्हणाला, "पुढे खेळणाऱ्याचे मागचे डोळे म्हणजे मागच्याचा आवाज. बचावाच्या मधल्या माणसाचं अर्धं काम घशाचं असतं. मौनीचे पाय सोन्याचे आहेत. घसा नाही."

मी मनात टाळ्या वाजवल्या. संपला की विषय!

सराव संपल्यावर खिडकीतून आणखी एक बरं दृश्य दिसलं. दूरच्या कोपऱ्यात मामा त्या मौनीला झापत होता. चांगला अर्धा तास. मामा छातीवर हात मारून दाखवत होता, तो मान खाली घालून ऐकत होता. खोड मोडतोय. मोडू दे.

७ तारीख, शुक्रवार

जिन्यात मामा भेटला. पायऱ्या अंग आडवं करून, कठड्याला हात लावून उतरत होता. त्याची चालसुद्धा ऐटीची.

मी दबक्या आवाजात म्हटलं, "काळजी करू नकोस. तुला वाचवायलाच आलेय मी."

"मी काय वाघ आहे का बाई, वाचवायला?" तो हसला. "आणि तुम्हाला बोलायला बंदी आहे ना? डोळे वटारून वाचवणार?"

"वेळ आली तर अट मोडेन."

"नको. तुम्ही पहिल्यांदाच गप्प बसलाय. कसं वाटतं?"

"श्वास कोंडतो."

"ऐकू येतं का काही?" असं विचारून तो गेला. 

मौनीचा घसा बसलाय म्हणे. डॉक्टरीण त्याला गरम पाणी पाजत होती. जो बोलतच नाही त्याचा घसा बसतो कसा, हे वैद्यकशास्त्रच जाणे.

९ तारीख, रविवार

डॉक्टरीण मामाच्या गुडघ्याबद्दल बोलली. हंगामातले एक तृतीयांश सामने खेळेल, फार तर. मी तिच्याकडे रागाने पाहिलं. एखाद्याला घालवायचं ठरलं की गुडघा सापडतो, मणका सापडतो. इतिहास अशा गुडघ्यांनी भरलेला आहे.

संध्याकाळी आपली मंडळी घरी आली. आपला ढोलवाला, रिक्षावाला, बँकेतल्या दोघी, आणि ज्याला आपण 'शिट्टी' म्हणतो तो.

"बाई, एकच सांगा. मामा आत का बाहेर?"

मी मान हलवली नाही, पापणीही नाही.

"म्हणजे बाहेर!" शिट्टी ओरडला.

"अरे, ती तोंडात पाणी धरून बसल्यासारखी बसलीये, त्यातून तू काय काढतोस?" हे म्हणाले.

पण मंडळींचं ठरलं. मामा गेला तर येत्या रविवारच्या पहिल्या सामन्यात मौनीच्या पायाला चेंडू लागला रे लागला की सगळ्या पत्र्याने मिळून अशी हुर्यो उडवायची, की त्याला फरशीचा कारखाना आठवावा.  खरं सांगू? मला बरं वाटलं. असा आवाज उठवायला मीच तुम्हाला शिकवलंय.

१२ तारीख, बुधवार

आज जे झालं ते नीट लिहायचा प्रयत्न करते. 

फळ्यावर सव्वीस चकत्या उरल्या आहेत. एकच खाली यायची आहे, आणि ती मामाची किंवा मौनीची, हे आता सगळेच जाणतात. आज लाल आणि निळा असे दोन संघ पाडून सराव सामना ठेवला होता. लालमध्ये मामा, निळ्यात मौनी. आम्ही खिडकीशी बसलो होतो. पूर्वार्ध झाल्यावर मास्तर उठला, त्याने खिडकीच्या काचा पूर्ण उघडल्या आणि म्हणाला, "खुर्च्या फिरवा."

सगळे मैदानाकडे पाठ करून बसले. मीही. समोर नुसता फळा.

"आता डोळ्यांचं काम नाही. तुम्ही पुढे खेळताय, चेंडू तुमच्या पायात आहे, मागे काय चाललंय दिसत नाही. ज्याच्या आवाजावर भरवसा ठेवून न वळता खेळाल, तो आवाज आला की हात वर करा. बाई, तुम्हीसुद्धा."

माझ्या हयातीतलं ते सगळ्यात विचित्र ऐकणं. आधी नुसता गलका. मग चेंडूचे ठोके वेगळे झाले, धावणाऱ्यांचे श्वास वेगळे झाले. मग शब्द. कुणी उगाच किंचाळत होतं. कुणी शिव्या घालत होतं. आणि त्या सगळ्यातून एक खरखरीत आवाज आला. मोठा नाही, घाईचा नाही. "एकटा." म्हणजे तुझ्याजवळ कुणी नाही, वेळ घे. थोड्या वेळाने, "पाठीवर!" म्हणजे मागून येतोय, सोड. आणि मग, पुढचा बहुधा घाबरला होता तेव्हा, नुसतं, "आहे."

मी आहे, असंही नाही. आहे. बस्स.

 एका शब्दात माणसाला इतका धीर देता येतो? मी तासतास भाषणं ठोकली, मूठ आपटली, लोक उठवले. कुणाची पाठ अशी राखली का कधी? माझा हात आपोआप वर गेला आणि अट विसरून मी ओरडलेच, "हा बघा! हा आमचा मामा!"

खोलीत सगळ्यांचेच हात वर होते. कुणी हसलं नाही.

"वळा, बाई," मास्तर म्हणाला.

मी वळले. निळ्या संघाच्या मागे मौनी उभा होता. हात कमरेवर घट्ट बांधल्यासारखे. तोंड उघडं. "आहे," तो पुन्हा म्हणाला, आणि त्याच्या पुढच्याने न वळता चेंडू घेतला. पलीकडे लाल संघात मामा नुसता उभा होता. उत्तरार्धात तो एक अक्षर बोलला नव्हता, हे मला नंतर कळलं. तो आमच्या खिडकीकडे बघत होता.

मामाचा आवाज मी ओळखला नाही. इतकी वर्षं पत्र्याखाली पहिल्या रांगेत उभी आहे मी! रात्रभर आठवते आहे. मैदानात तो बोलताना कधी ऐकला? एकदाही नाही. आम्ही इतके ओरडत असतो.

१३ तारीख, गुरुवार

आज निवाडा झाला.

मामाला काढा असं म्हणणारी डॉक्टरीण, म्हणून मामाची वकिली तिच्याकडे. ती उभी राहिली. कागद नाही, आकडे नाहीत. ती म्हणाली, "या माणसाचा गुडघा मी आतून पाहिलाय. त्यावर तो उभा राहतो हेच मला कळत नाही. तो उभा राहतो कारण शेजारचा घाबरलेला त्याला बघवत नाही. असा माणूस खेळला नाही, नुसता कपडे बदलायच्या खोलीत बसला, तरी संघ बदलतो." ती बोलत राहिली आणि आडदांडाने तोंड फिरवलं. मामाबद्दल मी हजार सभांत बोलले असेन. इतकं खरं एकदाही बोलले नाही.

मग तिने एकच वाक्य उलट बाजूने सांगितलं. "पण जागा एक आहे, आणि हंगाम लांब आहे."

मास्तर माझ्याकडे वळला. "बाई, तुमच्यावरची अट मी काढतो. बोला."

मी उठले. किती दिवसांचं तुंबलेलं होतं! म्हटलं, "माझं मत स्पष्ट आहे. मौनीला काढा."

"ठीक," तो म्हणाला. "वकिली करा."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. सगळे वाट बघत होते.

आणि मी सुरुवात केली. आधी नुसते शब्द फिरवले, मला ते समजत होतं. मग डोळ्यांपुढे कमरेवर बांधलेले ते हात आले. मी म्हटलं, हा माणूस वर्षानुवर्षं अशा जागी उभा होता जिथे कुणाचंच कुणाला ऐकू जात नव्हतं. तिथे तो हातांनी बोलायला शिकला. इथे त्याला ते हात बांधून टाकायला सांगितलं. सव्विसाव्या वर्षी, सगळ्यांसमोर, लहान मुलासारखं बोलायला शिकणं म्हणजे काय असतं! घसा फुटेपर्यंत तो शिकला. आणि शिकवलं कुणी, तर ज्याची जागा जाणार होती त्यानेच. त्या कोपऱ्यात मामा त्याला झापत नव्हता हो, मामा त्याला स्वतःचा आवाज देत होता...

ते वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं तेव्हाच मला ते कळलं. त्याआधी नाही.

मी थांबले.  मास्तरने अगदी हळू विचारलं, "आता काढण्याची बाजू?"

मला जी बाजू मांडायची होती ती आठवेना. मी खाली बसले.

मास्तर उठून फळ्याजवळ गेला. मामा आणि तो एकेकाळी एकाच संघात खेळलेत, एका खोलीत राहिलेत, हे सहायकाने मला नंतर सांगितलं. त्याने मामाची चकती काढली आणि ती खाली ठेवायला त्याला टेबल सापडेना. हातातच धरून तो खिडकीशी उभा राहिला.

१४ तारीख, शुक्रवार

फेरी.

मी वरून पाहिली. मास्तर "चल" म्हणायच्या आधीच मामा बूट हातात घेऊन अनवाणी उभा होता. चालायला लागल्यावर मास्तर बोलेल असं वाटलं, पण बोलत होता मामाच. हात हलवून काहीतरी किस्सा सांगत होता. दूरच्या बाजूला पोचल्यावर मास्तर थांबला आणि खाली बघत राहिला. मामाने त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि उरलेली अर्धी फेरी त्याला तसंच चालवत आणलं. लंगडणारा माणूस धडधाकट माणसाला आधार देत होता.

मला राहवलं नाही. जिना उतरून फाटकाशी गेले.

"मामा, माझाही हात वर होता," मी म्हटलं.

"माहितेय. मी बघत होतो." तो अगदी खुशीत होता. "चांगला आला ना आवाज? सुरुवातीला काय बेकार ओरडायचा. शेळी ओरडल्यासारखा."

"आम्ही तुझी मिरवणूक काढणार. ढोल, हार, सगळं. नाही म्हणू नकोस."

"ढोल नको, बाई."

"मग काय हवं? माग. सगळा पत्रा तुझ्या शब्दाबाहेर नाही."

तो विचारात पडला. पहिल्यांदाच मी त्याला गंभीर पाहिला. "रविवारी तो तुमच्या बाजूला खेळेल, तुमच्या अगदी समोर. तुमचा आवाज मशिनसारखाच असतो हो. तो सुरू झाला की त्याला वाटेल, कारखान्यात आलो. तोंड मिटेल आणि हात वर जातील. एकदा का पहिली दहा मिनिटं त्याचा आवाज त्याच्या पुढच्यांनी ऐकला, की मग तुम्ही आभाळ फाडलंत तरी चालेल." आणि मग जरा संकोचून, "सांगता का तुमच्या लोकांना? तुमचं ऐकतात ते."

१५ तारीख, शनिवार

सकाळी कागद लागला. दुपारपर्यंत आपल्या गल्ल्या पेटल्या. शिट्टीने नवीन कर्णा आणलाय. ढोलाला नवं कातडं चढलंय. संध्याकाळी पायऱ्यांवर सभा आहे, आणि बाई तोफ डागणार म्हणून सगळे वाट बघताहेत. नणंद म्हणते, "वहिनी, लोक तुम्हालाच हाकलतील आज." हे म्हणाले, "मी दुकान लवकर बंद करतो. तुझ्या मागे उभा राहतो."

काय बोलायचं ते इथेच लिहून काढते, म्हणजे ऐनवेळी माझी जीभ माझ्यावर उलटणार नाही.

पत्र्याखालच्या माझ्या माणसांनो, तुम्ही मला कारण आणायला पाठवलंत. कारण आणलं आहे, आणि ते तुम्हाला आवडणार नाही. मामा गेला. त्याला कुणी गादीवर लोळत खोडलं नाही. ज्यांचं त्याच्यावर सर्वांत जास्त प्रेम आहे अशा पाच माणसांनी, त्याची बाजू तुमच्या-माझ्याहून चांगली मांडून, मग त्याला जाऊ दिलं. सहावा हात माझा होता. मला शिव्या द्यायच्या असतील तर आत्ता द्या, मी इथेच उभी आहे.

पण उद्या नाही. उद्या मामाच्या जागेवर एक माणूस उभा राहील. त्याच्याकडे मामाचे शब्द आहेत आणि मोठ्या गर्दीपुढे ते वापरायची ही त्याची पहिली वेळ आहे. तुम्हाला ओरडायला मी शिकवलं. ते शिकवलेलं मागे घेत नाही. फक्त उद्या, सामन्याची शिट्टी वाजली की पहिली दहा मिनिटं, कर्णा खाली ठेवा, ढोलावर हात ठेवा, आणि या पत्र्याखाली एकानेही तोंड उघडू नका.